विचारा ताईंना : मुलं, गड आणि एक पायरी

मागच्या अंकात मी शाळेच्या सहलींवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सगळी पत्रं घेणं जागेमुळे शक्य नाही, चार निवडलीत. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, जे सांगतेय ते त्या अनुभवातूनच.

प्रश्न : ताई, आम्ही पुण्यात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे, स्टेट बोर्ड. चौथीला वर्षभर शिवाजी महाराजांचा इतिहास असतो म्हणून आम्ही ठरवून सहा किल्ले केले, दोन म्युझियम केली, जायच्या आधी दर वेळी यूट्यूबवर व्हिडिओ दाखवला, घरी आल्यावर प्रश्नही विचारले. पण त्याला कशातच मजा येत नाही. परवा शनिवारवाड्यात म्हणाला, आई, इथे बघायचं काय, सगळं मोडलेलंच आहे. मला रडूच आलं. आमचं काय चुकतंय? – एक आई, कोथरूड

उत्तर : रडू नका हो, तुमचा मुलगा अगदी बरोबर बोललाय. शनिवारवाड्यात वाडा नाहीचे! १७३० च्या जानेवारीत पहिल्या बाजीरावांनी पाया घातला, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली, पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घातली आणि १८२८ मध्ये आग लागून आतलं सगळं जळून गेलं, कारण आतलं बांधकाम बरंचसं लाकडाचं होतं. राहिली ती जोती, कारंज्यांची कुंडं, तट आणि दरवाजे. म्हणजे त्याला दिसलं ते खरं दिसलं, आणि "सगळं मोडलेलंच आहे" या वाक्यापासूनच तुमची गोष्ट सुरू व्हायला हवी होती. मोडलं कसं? जळलं काय आणि उरलं काय? इथे खांब होता हे कशावरून कळतं? जोत्यावर खांबाखालचे दगड शोधायला लावा, ते दिसायला लागले की पोरगं स्वतःच चालत चालत खोल्या मोजायला लागतं, मी शंभर वेळा बघितलंय.

आणि मग दिल्ली दरवाज्यापाशी या. दाराला लोखंडी खिळे आहेत, चांगले लांब, टोकदार. काही सांगू नका, फक्त विचारा की हे खिळे इतक्या उंचावर का लावलेत, माणसाला तर लागायचे नाहीत. त्याला वेळ द्या. पाच मिनिटं लागतील, दहा लागतील, मधे तो आइस्क्रीम मागेल, द्या, पण उत्तर तुम्ही देऊ नका. कधीतरी तो म्हणेल, हत्ती! हत्तीचं डोकं तिथे येतं! हे जे त्याचं त्याला सापडलं ना ते तो मोठा होईपर्यंत विसरत नाही, व्हिडिओत बघितलेलं रात्रीपर्यंतसुद्धा टिकत नाही. म्हणून आधी व्हिडिओ दाखवणं बंद करा. सगळं आधीच बघून झालं की प्रत्यक्षात बघायला उरतं काय?

दुसरं म्हणजे वर्षात सहा किल्ले फार झाले. मनापासून सांगते, दोन करा. आणि घरी आल्यावर तोंडी परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका, त्याला वाटत असेल की हे पण शाळेचंच.

माझा स्वतःचा अनुभव सांगते म्हणजे पटेल. आमच्या शाळेची सहल रायगडला गेली होती, सत्तर मुलं, रोपवेने वर नेली, माझ्या गळ्यात शिट्टी, आणि मी राजसदर, होळीचा माळ, बाजारपेठ असं सगळं धावत धावत दाखवत सुटले होते कारण चार वाजता खाली उतरायचं होतं. जगदीश्वराचं देऊळ बघून सगळी पुढे निघाली आणि सहावीतली एक मुलगी मागे राहिली. मी ओरडणारच होते तिच्यावर. जवळ जाऊन बघते तर ती देवळाच्या पायरीपाशी उकिडवी बसलीय आणि दगडावरून बोट फिरवत एकेक अक्षर लावतेय, "से... वे... चे... ठा... यी..." त्या पायरीवर कोरलंय, सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर. आडनाव काहीजण इंदुलकर असं घेतात. ज्यांनी रायगडाचं बांधकाम केलं ते हे हिरोजी. ती मुलगी वर बघून म्हणाली, "बाई, हे मला वाचता येतंय!" साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव, बालबोध म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरी अक्षरात, आणि सहावीतली पोरगी ते बोटाने वाचतेय. मी शिट्टी काढून पर्समध्ये टाकली, पुढे गेलेल्या पोरांना मागे बोलावलं आणि अर्धा तास आम्ही त्या पायरीपाशीच बसलो. टकमक टोक राहिलं बघायचं. त्या दिवसापासून मी सहल आखायची पद्धतच बदलली, एका जागी एकच गोष्ट नीट बघायची आणि बाकीची जमली तर.

पुण्यातच असं करता येण्यासारखी जागा म्हणजे बाजीराव रोडजवळचं राजा दिनकर केळकर म्युझियम. तिथे वीसेक हजार वस्तूंचा संग्रह आहे, मांडलेला त्यातला थोडाच, तरी तो एका दिवसात बघायला गेलात तर मोठी माणसंसुद्धा दमतात. तुम्ही फक्त अडकित्ते बघायला जा. खरंच, फक्त अडकित्ते. घोड्याच्या आकाराचे, मोराच्या आकाराचे, माणसांचे, सुपारी कातरायच्या एवढ्याशा वस्तूवर इतकी कलाकुसर कोणी आणि का केली असेल हे त्याला विचारा, त्यातला आवडेल तो एक वहीत काढू द्या, आणि बाहेर पडताना सांगा की दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीत त्यांनी आयुष्यभर हे सगळं गोळा केलं आणि म्हणून म्युझियमला नाव पोराचं आहे. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त कळतं. मग घरी आजीकडे अडकित्ता असेल तर तो काढायला लावा.

पुस्तक यानंतर द्यायचं. आधी नाही. अडकित्ता बघून आलेल्या मुलासमोर जुन्या वाड्यांचं, जुन्या स्वयंपाकघरांचं चित्रांचं पुस्तक नुसतं टेबलावर ठेवलं तरी तो उघडतो, कारण त्याला त्यात आपली वस्तू शोधायची असते. फक्त राजांची आणि लढायांचीच पुस्तकं आणू नका, लोक खायचे काय, राहायचे कसे, पाणी कुठून आणायचे याची पण आणा. आणि नकाशा! भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा लावा, जाऊन आलेल्या जागी त्याला टिकली चिकटवू द्या.

प्रश्न : मी निवृत्त आहे, नगरला असतो. नातू अकरा वर्षांचा, हुशार आहे. त्याला मी लहानपणापासून तानाजी, हिरकणी सगळ्या गोष्टी सांगितल्या. आता तो मोबाइलवर काहीतरी बघून मला म्हणतो, आजोबा, घोरपडीची गोष्ट खोटी आहे, तुम्ही मला खोटं सांगितलं. मला वाईट वाटलं. त्याला काय सांगू? – एक आजोबा

उत्तर : काका, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही त्याला जी गोष्ट सांगितली ती तुमच्या आजोबांनी तुम्हाला सांगितली असेल, त्यांना त्यांच्या आजोबांनी, आणि हे असं पिढ्यानपिढ्या चालत आलं हीसुद्धा इतिहासातलीच गोष्ट आहे. नातू आता त्या वयात आलाय की त्याला "हे कशावरून?" असं विचारावंसं वाटतं. इतिहास शिकवणाऱ्या बाईला यापेक्षा आनंदाचं काय असणार!

त्याला सरळ सांगा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीला, तानाजी मालुसऱ्यांनी मावळे घेऊन कोंढाणा जिंकला, किल्लेदार उदेभान राठोडशी लढताना तानाजी पडले, उदेभानही पडला, हे घडलंय. मावळे रात्री कड्यावरून चढले हेही खरं. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट येते ती पोवाड्यात. तुळशीदास शाहिरांचा तानाजींवरचा पोवाडा जुना आहे, तो डफ-तुणतुण्यावर उभ्याने गायचा, ऐकणारे शेतकरी, बारा बलुतेदार, सैन्यातली माणसं, रात्र रात्र ऐकत बसायची, तर शाहीर त्यांच्यासाठी गोष्ट रंगवणारच. त्याला खोटेपणा म्हणत नाहीत. पण तो कागदपत्राचा पुरावाही नाही. मुलाला हे दोन्ही एकदम समजतं, फक्त मोठ्यांनी ते न चिडता सांगायला पाहिजे.

मी वर्गात तीन ढीग करायला लावायचे. पहिला ढीग त्याच काळातल्या पत्रांचा, हिशोबांचा, शिलालेखांचा. दुसरा नंतर लिहिलेल्या बखरी आणि पोवाडे. तिसरा आपल्या काळातली नाटकं, सिनेमे, मोबाइलवरचे व्हिडिओ. कुठलीही गोष्ट ऐकली की ती कुठल्या ढिगातली ते विचारायचं. उदाहरण देते, "गड आला पण सिंह गेला" म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं असं आपण सगळेच शिकलो, पण १६६३ च्या, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधीच्या पत्रात सिंहगड हे नाव आलेलं आहे. हे नातवाला सांगा आणि त्याचा चेहरा बघा! हिरकणीचंही तसंच, रायगडावर हिरकणी बुरूज आहे, तो दाखवता येतो, पण बाळासाठी कडा उतरलेल्या आईची गोष्ट लोकांच्या तोंडून आलेली आहे. ती सांगायची सोडू नका. सांगताना फक्त "अशी गोष्ट सांगतात" एवढे तीन शब्द घाला.

आणि जमलं तर त्याला घेऊन सिंहगडावर जाच, गाडी वरपर्यंत जाते, तुमच्या गुडघ्यांना त्रास नाही. तानाजी कड्यापाशी उभं करून खाली बघू द्या. ज्यांनी घोरपडीची गोष्ट रचली त्यांच्या डोळ्यांसमोर हा कडा होता हे त्याला तिथे सांगा, मग झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खा दोघंजण. परत येताना तो तुम्हाला खोटारडं म्हणायचा नाही.

प्रश्न : आम्ही बंगळुरूत असतो. मुलं ११ आणि ७ वर्षांची. घरी मराठी बोलतो पण त्यांना मराठी वाचायचा कंटाळा येतो आणि मराठ्यांचा इतिहास त्यांना लांबचा वाटतो. वर्षातून एकदा आठ दिवस कोल्हापूरला माहेरी येते, तेवढ्या दिवसांत त्यांना काय काय दाखवू? – मल्लेश्वरमहून एक वाचक

उत्तर : अगं (तुझ्या पत्रावरून तू माझ्या मुलीच्या वयाची वाटतेस म्हणून अगंतुगं करतेय), तू मल्लेश्वरममध्ये राहून इतिहास लांबचा म्हणतेस? तुमच्या काडू मल्लेश्वर देवळाला व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख तिथे आहे. व्यंकोजी म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांनी घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर मिळालं, त्यांचं पुढचं बरंच आयुष्य तिकडेच गेलं, आणि १६६४ मध्ये ते गेले तेही कर्नाटकातच, चन्नगिरीजवळ होदिगेरेला त्यांची समाधी आहे. तर कोल्हापूरची वाट बघू नकोस, पुढच्या रविवारी मुलांना चालत घेऊन जा. आणि शेजारच्या कन्नड काकूंना पण बरोबर ने, जुनं कन्नड वाचायला त्यांची मदत होईल, मुलांना कळेल की आपला इतिहास त्यांच्याही भाषेत लिहिलेला आहे.

मोठी सुट्टी मिळाली तर जिंजी आणि तंजावर करा. जिंजी २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक, बाकीचे अकरा महाराष्ट्रात आणि हा एकटा तमिळनाडूत. संभाजी महाराजांनंतर राजाराम महाराज तिथे गेले आणि १६९८ पर्यंत मोगलांच्या वेढ्यात स्वराज्याचा कारभार तिथून चालला, शिवाजी महाराजांचं चरित्र सांगणारी सभासदाची बखर जिंजीतच लिहिली गेली. तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांच्या घराण्याची हकिगत कोरलेला १८०३ चा लेख आहे, तोही मराठीत, आणि तो इतका मोठा आहे की मुलं बघतच राहतात. अकरा वर्षांच्या मुलीला तिथे एक काम दे, ओळखीचा वाटणारा एक तरी शब्द शोधायचा.

वाचनाचं म्हणशील तर तुझ्या मुलांची अडचण तुला वाटते तेवढी मोठी नाहीये. शाळेत हिंदी असेल तर अक्षरं येतातच, आणि ळ त्यांच्या तोंडात कन्नडमुळे आधीच आहे. अडतं ते चमच्यातला च आणि चहातला च, असं कुठेतरी, ते ऐकूनच येतं. म्हणून रोज रात्री दहा मिनिटं तू मोठ्याने वाच आणि त्यांना पुस्तकात डोकावू दे, बोट तुझं असू दे. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट मिळतात, त्यातली छोटी गोष्ट घे. अर्धं पान झालं की थांब, ती म्हणतील पुढे वाच, तेव्हाच थांब!

कोल्हापुरात मात्र एक नक्की कर, टाउन हॉलमधलं म्युझियम. तिथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे, समुद्राचा देव, रोमन लोकांकडून आलेला. कोकणातल्या बंदरांत जहाजं लागायची आणि घाट चढून माल वर यायचा. सात वर्षांच्याला विचार, समुद्र इथून किती लांब, मग हा देव आला कसा? बाकी अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा आजी-आजोबा दाखवतीलच.

आणि दिवाळीत बाल्कनीत किल्ला कर. दोन कुंड्यांची माती, चार विटा, गोणपाट, वर अहळीव पेर, चार दिवसांत हिरवागार होतो. मावळे माहेरून आण. किल्ला करताना मुलं विचारतातच की पाण्याचं टाकं कुठे करायचं आणि दरवाजा कुठून दिसला नाही पाहिजे, तेव्हा सांगायचं ते सांग.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात झेडपी शाळेवर शिक्षक आहे. दर वर्षी सहल अजिंठा-वेरूळला नेतो, मुलं प्रवासातच दमतात, उलट्या होतात, पालकांनाही पैसे जड जातात. जवळ काही आहे का? – एक गुरुजी

उत्तर : आहे ना गुरुजी! शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. गोरोबाकाकांचं गाव म्हणून मुलांना माहीतच असेल, पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच तगर होतं, परदेशी व्यापाऱ्यांच्या लिखाणात त्याचं नाव आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे म्युझियममध्ये सातवाहनांच्या काळातली मातीची खेळणी, मणी, भांडी आहेत. त्रिविक्रमाचं विटांचं जुनं देऊळही दाखवा, त्याच्या विटा मुलांना हाताने मोजू द्या. प्रत्येकाला एक कागद, एक पेन्सिल आणि एक वस्तू. वीस मिनिटं बोलायचं नाही, ती वस्तू काढायची. फक्त एक निक्षून सांगा, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर खापर दिसलं तरी उचलून खिशात घालायचं नाही, ते जिथे आहे तिथेच राहिलं तर अभ्यासकांना त्याच्यावरून काही कळतं. एसटीत शाळेच्या सहलींना सवलत मिळते, डेपोत आधी अर्ज द्या.

आणि तुमच्या जिल्ह्यात आणखी एक काम होण्यासारखं आहे, त्याला बसभाडंही लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या सुमाराचा किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन करून लोक झोपले होते. हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ती घरं झोपेतच अंगावर आली. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आजी-आजोबांनी हे बघितलंय आणि मुलांना "भूकंपाच्या आधी" आणि "भूकंपाच्या नंतर" हे शब्द घरात रोज कानावर पडत असतील, पण कोणी बसून सांगितलेलं नसतं.

मरणाचं विचारायला लावू नका. घराचं विचारायला लावा. एखाद्या आजींना शाळेच्या पटांगणात बोलवा, हातात रांगोळी द्या आणि त्यांचं जुनं घर जमिनीवर काढायला सांगा, ओसरी कुठे, चूल कुठे, कणगी कुठे, ढाळजेत कोण बसायचं, गुरं कुठे बांधायचे. मुलांनी त्या रेघांवरून चालायचं, पावलांनी मोजायचं, वहीत उतरवून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी आजोबा येतील, ते म्हणतील दार इकडे नव्हतं, तिकडे होतं, मग दोन्ही लिहून ठेवायचं, कोणाचं खोडायचं नाही. भिंती किती जाड होत्या हे हात पसरून दाखवायला सांगा आणि मग आत्ताच्या घराची भिंत मुलांना मोजू द्या, दोन्ही भिंतींत फरक का पडला ते सातवीतल्या पोरांना तिथल्या तिथे कळेल.

फक्त सांगता सांगता आजी गप्प झाल्या तर मुलांना आधीच शिकवून ठेवा, वही मिटायची आणि त्यांना पाणी आणून द्यायचं.